दोन घड्याळं, चार बटणं

नागपूरच्या इतवारीत गल्लीगणिक माल बदलतो. सराफा ओळीत सोनं, किराणा ओळीत डाळ-साखर, लोहा ओळीत पत्रे नि सळया. पण गिऱ्हाईक मालाची पारख सगळीकडे एकाच पद्धतीनं करतं. वस्तू हातात घ्यायची, उलटीपालटी करायची, वजनाचा अंदाज घ्यायचा आणि विचारायचं, ‘ही कामाला कशी आहे?’ महागड्या मनगटी घड्याळांच्या बाबतीत मात्र हा प्रश्न मागे पडतो. नाव, किंमत आणि कुणाच्या मनगटावर दिसलं एवढ्यावरच बोलणं थांबतं. ज्या दोन घड्याळांबद्दल जगात सर्वाधिक बोललं जातं, त्या ओमेगा स्पीडमास्टर आणि रोलेक्स डेटोना यांना म्हणूनच इतवारीचा हा साधा प्रश्न विचारून पाहायला हवा. दोन्ही घड्याळं कामासाठीच जन्माला आली होती.

दोन्ही क्रोनोग्राफ आहेत, म्हणजे वेळ दाखवणारं घड्याळ आणि स्टॉपवॉच एकाच डबीत. उजवीकडे चावीच्या वर एक बटण, खाली एक. वरचं दाबलं की मधला लांब सेकंदकाटा धावू लागतो, पुन्हा दाबलं की थांबतो आणि खालचं दाबलं की शून्यावर परततो. तबकडीवरच्या तीन लहान चकत्यांपैकी एक घड्याळाचे रोजचे सेकंद दाखवते. उरलेल्या दोन स्टॉपवॉचची मिनिटं आणि तास मोजतात, एक तीस मिनिटांपर्यंत आणि दुसरी बारा तासांपर्यंत. यात सेल नाही, सर्किट नाही. सगळा कारभार गुंडाळलेल्या स्प्रिंगच्या जोरावर चालतो. एचएमटीच्या जनता किंवा पायलटवर वाढलेल्या पिढीला तास, मिनिट आणि सेकंद असे तीनच काटे ठाऊक. म्हणून या जादा चकत्या पुष्कळांना शोभेच्या वाटतात. त्या शोभेच्या नाहीत.

दोघांच्याही काचेभोवती आकडे कोरलेली कडी असते. तिला टॅकीमीटर म्हणतात, आणि ती वापरून पाहायला इतवारीइतकी सोयीची जागा नाही. नेताजी सुभाषचंद्र बोस इतवारी जंक्शनवरून गोंदियाकडे जाणारी गाडी पकडायची आणि खिडकीशी बसायचं. कळमना मागे पडून कामठीच्या दिशेनं गाडीनं वेग घेतला, की रुळांच्या कडेच्या किलोमीटरच्या पाट्यांवर नजर ठेवायची. एक पाटी समोर आली की वरचं बटण दाबायचं, पुढची आली की पुन्हा दाबायचं. मध्ये चाळीस सेकंद गेले असतील तर काटा कडीवरच्या ९० या आकड्यावर थांबलेला असतो, म्हणजे गाडीचा वेग ताशी ९० किलोमीटर. छत्तीस सेकंद लागले तर १००, तीस लागले तर १२०. तासात ३६०० सेकंद असतात. त्यांना मोजलेल्या सेकंदांनी भागून आलेली उत्तरं कडीवर आधीच कोरून ठेवलेली असतात.

कडीला मर्यादाही आहे. दोघांच्या कड्यांवरचा शेवटचा आकडा ६०, कारण त्याहून कमी वेगात किलोमीटर कापायला काट्याच्या एका फेरीहून जास्त वेळ लागतो. इतवारीहून नागभीडला जाणारी नॅरोगेज १९०८ मध्ये सुरू झाली आणि ब्रॉडगेजच्या कामासाठी २०१९ मध्ये बंद झाली. त्या गाडीचा वेग मोजायचा तर अर्धाच किलोमीटर धरावा लागला असता. अर्ध्या किलोमीटरला साठ सेकंद लागले की काटा ६० दाखवतो. त्याचं निम्मं केलं की ३०. स्पीडमास्टरची कडी वरच्या बाजूला ५०० पर्यंत जाते आणि डेटोनाची ४०० पर्यंत. रेल्वेच्या प्रवाशाला दोन्ही भरपूर झाले. पण हे आकडे रेल्वेसाठी कोरलेलेच नव्हते, दोघांच्याही डोळ्यांसमोर मोटारींची शर्यत होती.

स्पीडमास्टर १९५७ साली आलं. वेगाचे आकडे तबकडीवरून उचलून बाहेरच्या कडीवर नेण्याची कल्पना त्यानं रुळवली. तबकडी मोकळी झाली आणि धावत्या गाडीतही आकडे सहज वाचता येऊ लागले. डेटोना १९६३ चं. अमेरिकेतल्या फ्लोरिडामध्ये १९५९ साली सुरू झालेल्या शर्यतीच्या मैदानावरून त्याला नाव मिळालं. आतली यंत्रं दोघांचीही दुसरीकडून आलेली होती. ओमेगाचं ३२१ क्रमांकाचं यंत्र लेमानिया या कारखान्याच्या रचनेवर उभं होतं, तर रोलेक्सचं व्हॅल्जू ७२ वर. दोन्हींना रोज चावी द्यावी लागे. या टप्प्यावर दोघांत डावं-उजवं करणं कुणाही घड्याळजीला कठीण गेलं असतं.

फरक पडला तो ह्यूस्टनच्या प्रयोगशाळेत. अंतराळवीरांसाठी मनगटी क्रोनोग्राफ हवा होता, म्हणून नासानं १९६४ मध्ये काही कंपन्यांकडून घड्याळं मागवली. प्रत्यक्ष चाचणीला तीन उरली: ओमेगा स्पीडमास्टर, लाँजीन-विटनॉर आणि रोलेक्सचा ६२३८ क्रमांकाचा क्रोनोग्राफ. हा ६२३८ डेटोनाचा थेट पूर्वज, आणि आतलं यंत्र त्याच व्हॅल्जूच्या घराण्यातलं. चाचण्या अकरा होत्या. नागपूरकर मे महिन्यात ४५-४६ अंश सोसतो. या घड्याळांना अठ्ठेचाळीस तास ७१ अंशांत आणि वर अर्धा तास ९३ अंशांत ठेवलं गेलं. मग शून्याखाली १८ अंशांत चार तास. दोनशे चाळीस तास ९५ टक्क्यांवर दमटपणा. चाळीस पट गुरुत्वाकर्षणाएवढे सहा धक्के. जवळजवळ निर्वात पोकळी, शुद्ध प्राणवायू, कंपनं आणि १३० डेसिबलचा गोंगाट.

रोलेक्स दमटपणाच्या चाचणीत दोनदा बंद पडलं. उष्णतेच्या चाचणीत त्याचा मोठा सेकंदकाटा वाकून दुसऱ्या काट्यांना अडकला. लाँजीनची काच वाकून जागेवरून निखळली. स्पीडमास्टरही धडधाकट राहिलं असं नाही. पोकळीच्या चाचणीत ते एकवीस मिनिटं पुढे गेलं, वेगवाढीच्या चाचणीत पंधरा मिनिटं मागे पडलं, आणि अंधारात चमकणारा रंग खराब झाला. पण ते थांबलं नाही. १ मार्च १९६५ रोजी त्याला मानवी उड्डाणांसाठी मान्यता मिळाली. त्याच वर्षी ३ जूनला एड व्हाइट हा अमेरिकी अंतराळवीर यानाबाहेर तरंगला, तेव्हा त्याच्या अंतराळपोशाखाच्या बाहीवर हेच घड्याळ होतं.

या निकालावरून रोलेक्सला कमी लेखणं अन्यायाचं होईल. नासानं घड्याळं बाजारात मिळतात तशीच घेतली होती आणि ७१ अंशांत काम करण्याचा दावा कुठल्याच कंपनीनं केलेला नव्हता. मात्र शोभेची वस्तू आणि अवजार यांतला फरक या चाचणीइतका स्पष्ट क्वचितच दिसतो. अवजार अचूक असलं तर उत्तमच, पण त्याआधी ते चालू राहिलं पाहिजे.

याची सर्वांत मोठी प्रचिती एप्रिल १९७० मध्ये आली. चंद्राकडे निघालेल्या अपोलो १३ मध्ये १३ तारखेला प्राणवायूच्या टाकीचा स्फोट झाला. वीज वाचवण्यासाठी यानातली बहुतेक उपकरणं बंद करावी लागली. परतीच्या वाटेवर दिशा किंचित ढळलेली दिसली. ती दुरुस्त करायला इंजिन चौदा सेकंद पेटवायचं होतं. अंतराळवीर लव्हेल आणि हेझ यांनी हातानं यान सांभाळलं आणि त्यांचा सहकारी स्विगर्ट यानं मनगटावरच्या स्पीडमास्टरवर ते चौदा सेकंद मोजले. १७ एप्रिलला तिघं सुखरूप उतरले. त्याच वर्षी अंतराळवीरांनी ओमेगाला आपला सिल्व्हर स्नूपी पुरस्कार दिला. यंत्रात दडलेली काही दातेरी चक्रं आणि एक स्प्रिंग. यानातला संगणक बंद असताना तेवढ्यावर भागलं.

डेटोनाची गोष्ट अगदी निराळ्या वळणानं जाते. साठ आणि सत्तरच्या दशकांत ते दुकानात पडून राहत असे. अभिनेता आणि शर्यतपटू पॉल न्यूमन याला त्याच्या पत्नीनं एक डेटोना भेट दिलं. मागच्या झाकणावर तिनं गाडी जपून चालवण्याची विनवणी कोरून घेतली होती. तेच घड्याळ ऑक्टोबर २०१७ मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात १ कोटी ७७ लाख ५२ हजार ५०० डॉलरला गेलं. हा आकडा सर्वतोमुखी आहे. पण अवजार म्हणून डेटोनाचा खरा पुनर्जन्म १९८८ मध्ये झाला आणि त्याचं श्रेय एका कामगाराला जातं.

झेनिथ या स्विस कंपनीनं १९६९ मध्ये एल प्रिमेरो नावाचं ऑटोमॅटिक क्रोनोग्राफ यंत्र बनवलं होतं. मनगट हललं की चावी आपोआप बसायची आणि सेकंदाचे दहा ठोके पडायचे. तेवढ्यात सेलच्या घड्याळांची लाट आली. झेनिथ तेव्हा अमेरिकी मालकांच्या हाती होती. १९७५ मध्ये त्यांनी यांत्रिक घड्याळं बंद करायचा निर्णय घेतला. या यंत्राचे साचे आणि हत्यारं मोडीत काढायचा हुकूम आला. शार्ल व्हर्मो या कारागिरानं तो मानला नाही. कामानंतर तो एकेक साचा, एकेक हत्यार कारखान्याच्या माळ्यावर नेऊन ठेवत गेला आणि कुठलं काय कशाचं हे वहीत लिहून ठेवत गेला. आठवं दशक सरल्यावर यांत्रिक घड्याळांची मागणी परतली आणि रोलेक्स ऑटोमॅटिक क्रोनोग्राफ यंत्र शोधत झेनिथकडे आलं. माळ्यावरचा ऐवज खाली आला. रोलेक्सनं त्या यंत्राचे बरेच भाग बदलले, ठोके दहावरून आठवर आणले आणि १९८८ चं डेटोना बाजारात आलं. स्वतःचं संपूर्ण यंत्र, ४१३०, रोलेक्सनं २००० साली दिलं. सध्याचं ४१३१ हे २०२३ चं.

बटण दाबल्यावर आत काय होतं, त्यातच आजच्या दोन्ही घड्याळांचा स्वभाव कळतो.

मागचं झाकण उघडलं आणि घड्याळजीनं डोळ्याला भिंग लावलं की स्पीडमास्टरमध्ये सगळा खेळ उघड्यावर दिसतो. रोजच्या सेकंदांबरोबर फिरणारं एक दातेरी चक्र असतं, आणि मध्यभागी लांब काट्याचं चक्र स्वस्थ उभं असतं. बटण दाबलं की एक तरफ सरकते आणि दोघांमधलं चिमुकलं चक्र आडवं ढकलून मधल्या चक्राच्या दात्यांत बसवते. दात खाचेत नीट बसला तर काटा गुळगुळीत निघतो. दातावर दात आला तर क्षणभर थरथरतो किंवा किंचित उडी घेतो. शून्यावर परतायचं असेल तर दोन छोट्या हातोड्या पत्त्यातल्या बदामाच्या आकाराच्या दोन तुकड्यांवर आदळतात. बदामाची कड अशी कातलेली असते, की काटा कुठेही असला तरी हातोडी त्याला घसरवत नेमक्या एकाच जागी आणते. हे सारं डोळ्यांदेखत, पापणी लवते तेवढ्यात घडतं.

डेटोनामध्ये हा खेळ दिसत नाही. तिथे जोडणी उभी असते. स्कूटरच्या क्लचप्लेटप्रमाणे दोन चकत्या एकावर एक असतात, बटण दाबलं की त्या चिकटतात आणि काटा घर्षणानं फिरू लागतो. दात्यांचा प्रश्नच उरत नसल्यानं काटा उडी न घेता सुरू होतो. आणखी एक फायदा होतो. स्पीडमास्टरमध्ये क्रोनोग्राफ सुरू झाला की स्प्रिंगवर जादा ओझं पडतं, म्हणून तो कायम चालू ठेवू नये. डेटोनात तो दिवसभर चालू ठेवला तरी फारसा फरक पडत नाही. रचना म्हणून डेटोना पुढे आहे, यात शंका नाही. त्याची चावी सुमारे बहात्तर तास पुरते, स्पीडमास्टरची पन्नास. वेळेत दोघंही चोख आहेत. रोलेक्स दिवसाला दोन सेकंदांच्या आत-बाहेर राहण्याची हमी देतं. ओमेगा शून्य ते पाच सेकंद पुढे जाण्याची मुभा ठेवतं, शिवाय १५,००० गॉसपर्यंतच्या चुंबकापासून बचावाची खात्री देतं. मोबाइलच्या कव्हरपासून स्पीकरपर्यंत चुंबकच चुंबक असलेल्या घरात ही खात्री लहान नाही.

मग इतवारीच्या प्रश्नाला उत्तर काय?

विदर्भाच्या हवेत घड्याळाचे शत्रू दोन: मे महिन्याचा घाम आणि जूननंतरचा ओलावा. डेटोनाची चावी आणि दोन्ही बटणं स्क्रूसारखी फिरवून बंद होतात, आणि ते शंभर मीटर पाण्याच्या दाबासाठी बनलेलं आहे. स्पीडमास्टरचा आकडा पन्नास मीटर. तोही पावसाला आणि घामाला पुरतो, पण रबरी सील जुनी झाली तर ओलावा शिरायला वेळ लागत नाही. या बाबतीत १९६५ च्या चाचणीचा हिशेब रोलेक्सनं पुरता चुकता केला आहे. त्याच वर्षी त्यांनी डेटोनाला स्क्रूची बटणं द्यायला सुरुवात केली होती.

पण त्याच स्क्रूमुळे हाताशी असलेलं काम लांबतं. किलोमीटरची पाटी खिडकीतून जाताना दिसली, आणि बटणं आधी उघडून ठेवलेली नसली, की ती संधी हुकलीच. दोन बोटांनी फिरवून मोकळी करायची, मग दाबायची, आणि काम झाल्यावर पुन्हा आवळायची. आवळायला विसरलं तर पाण्यापासूनचं संरक्षणही गेलं. स्पीडमास्टरचं बटण अंगठ्याखाली कायम तयार असतं. त्याची काळी तबकडी, पांढरे काटे आणि मोकळी जागा ओझरत्या नजरेतही वाचता येते. डेटोनाच्या चकचकीत तबकडीवरच्या चकत्या देखण्या असल्या तरी भर उन्हात चमकतात आणि आकडे शोधावे लागतात.

काचेतही हाच फरक आहे. मूळ स्पीडमास्टरची काच खरं तर हेसलाइट नावाचं टणक प्लास्टिक. ओरखडे लगेच पडतात, पण टूथपेस्टसारख्या पॉलिशनं घासून ते घरच्या घरी काढता येतात. फुटली तरी तिचे धारदार तुकडे उडत नाहीत. बंद यानात काचेचे कण तरंगणं नासाला परवडणारं नव्हतं. डेटोनाला नीलमण्याची काच आहे. तिला सहसा ओरखडा जात नाही, पण जबर आघात झाला तर ती फुटते आणि बदलण्यावाचून इलाज नसतो.

एवढं सगळं जमेस धरलं तर घड्याळ म्हणून डेटोना श्रेष्ठ आणि अवजार म्हणून स्पीडमास्टर, असाच कौल द्यावा लागतो. रोज सकाळी चावी द्यावी लागणं ही स्पीडमास्टरची अडचण मानली जाते, पण त्या निमित्तानं घड्याळ रोज हातात येतं आणि त्याची कुरबुर वेळीच कळते. शिवाय बाजारानं डेटोनाला कामावरून उठवलं आहे. स्टीलच्या डेटोनाची कंपनीनं ठरवलेली किंमत स्पीडमास्टरच्या साधारण दुप्पट. त्या किमतीला मिळवायला ताटकळावं लागतं आणि बाहेर तेच त्याहून चढ्या भावानं विकलं जातं. असं घड्याळ लॉकरमध्ये जाऊन बसतं. रेल्वेच्या खिडकीशी, स्वयंपाकघरात किंवा मुलांच्या धावण्याच्या शर्यतीत ते कोण वापरणार? सर्व्हिसिंगही दोघांचं खर्चाचं. क्रोनोग्राफ खोलणं-जोडणं हे तीन काट्यांच्या घड्याळाहून किती तरी किचकट काम आहे आणि सरावाचा हात नसलेल्या कारागिराकडे घड्याळ देऊ नये.

ज्यांना लाखांचा व्यवहार नको पण बटणाखालचं हे यंत्र हवं, त्यांच्यासाठी तिसरा मार्ग आहे. चीननं १९६० च्या सुमारास आपल्या वैमानिकांसाठी क्रोनोग्राफ बनवायचं ठरवलं आणि स्वित्झर्लंडच्या व्हीनस १७५ या यंत्राची सामग्री विकत घेतली. त्यातून तिआनजिनच्या कारखान्यात बनलेलं यंत्र आजही सीगल १९६३ नावाच्या घड्याळात हजारांच्या किमतीत मिळतं. तेही रोज चावी मागतं. मागची काच पारदर्शक घेतली तर तरफ, चक्र आणि हातोड्या बसल्या जागी दिसतात. त्याला टॅकीमीटरची कडी नसते, तेव्हा भागाकार स्वतःच करावा लागतो.

वापरलेलं घड्याळ घेणाऱ्यानं काउंटरवर एवढं तरी तपासावं. नकली डेटोना ढिगानं आहेत. पुष्कळ नकलांमध्ये लहान चकत्या वार, तारीख आणि चोवीस तास दाखवतात आणि बटणं फक्त तारीख-वार बदलतात. म्हणून आधी स्टॉपवॉच चालतं का ते पाहावं. वरचं बटण दाबून काट्याच्या पहिल्या हालचालीवर लक्ष ठेवावं. स्पीडमास्टरचा काटा किंचित उडाला तर घाबरायचं कारण नाही, त्याची जोडणीच तशी आहे. २००० नंतरच्या डेटोनाचा काटा उडाला तर मात्र झाकण उघडून यंत्र दाखवायला सांगावं. मग काटा वेगवेगळ्या जागी थांबवून आठ-दहा वेळा शून्यावर परत आणावा. दरवेळी तो बाराच्या रेषेवर तंतोतंत उभा राहिला पाहिजे. केसभर डावी-उजवीकडे थांबत असेल तर काटा सैल झाला आहे किंवा हातोडी झिजली आहे, आणि त्या दुरुस्तीचा खर्च भाव ठरवण्याआधीच विचारून घ्यावा.